कापून काढता येईल असं गाणं

हॉलिवूडच्या गायिका : भाग ९

गेल्या आठवड्यात आपण हॅटी मॅकडॅनियलपाशी थांबलो होतो. 'गॉन विथ द विंड'साठी ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय नटी, आणि त्याच समारंभात तिला वेगळ्या टेबलावर बसवलेलं. पुढे दोनेक वर्षांनी, म्हणजे १९४२च्या सुमाराला, याच हॅटीने न्यूयॉर्कहून आलेल्या एका तरुण मुलीला आपल्या घरी बोलावून घेतलं. मुलगी पंचविशीतली होती आणि विलक्षण देखणी. एमजीएमने नुकताच तिच्याशी सात वर्षांचा करार केला होता. एवढ्या मोठ्या स्टुडिओने कृष्णवर्णीय कलावंताशी असा दीर्घ मुदतीचा करार करणं तेव्हा फार दुर्मीळ होतं. तिचं नाव लीना हॉर्न.

लीना तेव्हा फार एकटी पडली होती. तिच्यावर नाराज होते ते हॉलिवूडमधलेच कृष्णवर्णीय नट. कारण तिच्या बाजूने स्टुडिओला एक अट घातली गेली होती : ही मुलगी पडद्यावर मोलकरीण होणार नाही, जंगलातल्या टोळीतली बाई होणार नाही. ज्यांची चूल मोलकरणी, हमाल आणि टोळीवाल्यांच्या भूमिकांवर पेटायची त्यांना या अटीत आपल्या पोटावरचा पाय दिसला. त्यांनी सभा घेऊन तिला जाब विचारला. आणि जिने जन्मभर मोलकरणीच रंगवल्या, त्या हॅटीने मात्र तिला जवळ बसवून धीर दिला. तुझ्या पदरात मुलं आहेत, तुला जे करायचं ते कर, असा त्या बोलण्याचा आशय लीनाने पुढे आत्मचरित्रात नोंदवला आहे. ही भेट मला हॉलिवूडच्या इतिहासातली एक मोठी गोष्ट वाटते. हॅटीचं मन मोठं होतं, आणि आपण कुठल्या दारातून आत आलो हे ती विसरली नव्हती.

ती अट घातली कुणी? सर्वांत ठसठशीत शब्दांत लीनाच्या वडिलांनी. टेडी हॉर्न हा जुगाराच्या धंद्यातला, ऐटबाज राहणारा माणूस. लीना तीन वर्षांची असताना तो घर सोडून गेला होता. पण करार व्हायच्या वेळी तो उत्तम सूट चढवून थेट लुई बी. मायरसमोर जाऊन बसला. मुलीच्या दिमतीला मोलकरीण मी ठेवू शकतो, तेव्हा तिने पडद्यावर मोलकरीण व्हावं असं मला वाटत नाही, असं त्याने त्या बलाढ्य स्टुडिओप्रमुखाला सांगितलं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेचे प्रमुख वॉल्टर व्हाइट यांचाही लीनाला पाठिंबा होता. आणि या संस्थेशी तिचं नातं त्याहून जुनं होतं. आजी कोरा कॅल्हून हॉर्न संस्थेची कार्यकर्ती. १९१९ साली संस्थेच्या पत्रिकेत सर्वांत लहान सभासदांपैकी एक म्हणून दोन वर्षांच्या लीनाचा फोटो छापून आला होता.

ब्रुकलिनमधलं हे घराणं शिकलेलं, मानी होतं. पण लीनाच्या वाट्याला त्याची स्थिरता फारशी आली नाही. आई नाटकमंडळीबरोबर गावोगाव फिरायची आणि मुलीला कधी या घरी, कधी त्या घरी ठेवायची. सोळाव्या वर्षी, १९३३ साली, आईनेच तिला हार्लेममधल्या कॉटन क्लबच्या नाचणाऱ्या मुलींत उभं केलं. तिथे रंगमंचावर सगळे कृष्णवर्णीय आणि टेबलांवर सगळे गोरे. नाचायला निवडायच्या त्या मुलीही उजळ रंगाच्या. पुढे नोबल सिसलचा वाद्यवृंद, एकोणिसाव्या वर्षी लग्न, दोन मुलं, मोडलेला संसार, मग चार्ली बार्नेट या गोऱ्या वादकाच्या बँडबरोबर दौरे. १९४१ साली न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटीत ती गाऊ लागली. या क्लबात काळे-गोरे एकत्र बसत. तिथे तिची डाव्या विचारांचा गायक पॉल रोबसन याच्याशी ओळख झाली. ती पुढे महागात पडणार होती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मोलकरीण करायची नाही, मग एमजीएमने या बाईचं करायचं काय? (आपल्याकडे धोबीतलावचं मेट्रो थिएटर १९३८ साली उभारलं ती हीच कंपनी.) १९४३ साली तिला दोन चित्रपटांत खरी भूमिका मिळाली : एमजीएमचा 'केबिन इन द स्काय' आणि उसनी दिल्यावर ट्वेंटीएथ सेंच्युरी फॉक्सचा 'स्टॉर्मी वेदर'. दोन्हींत सगळेच नट कृष्णवर्णीय. 'स्टॉर्मी वेदर'चं शीर्षकगीत जन्मभर तिच्या नावाला चिकटलं. पण एमजीएमच्या बाकीच्या, गोऱ्या नटनट्यांच्या चित्रपटांत तिच्यासाठी एक ठरावीक साचा तयार झाला. ती येते, बहुधा एखाद्या खांबाला टेकून, झगमगत्या पोशाखात. एक गाणं म्हणते. आणि जाते. कथेतल्या कुणाशी तिचं बोलणं नाही. नायिकेची ती मैत्रीण नाही, नायकाची कुणी नाही. ताटाच्या डाव्या बाजूला वाढलेल्या पदार्थासारखी. असला तर चव वाढते, नसला तरी जेवण अडत नाही.

हा साचा काही दिग्दर्शकांच्या आळसातून आलेला नव्हता. त्यामागे हिशेब होता. अमेरिकेत त्या काळी चित्रपटाला भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण नव्हतं. चित्रपट हा निव्वळ धंदा आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९१५ सालीच दिला होता आणि तो १९५२पर्यंत टिकला. त्यामुळे राज्यांची आणि शहरांची स्वतःची सेन्सॉर मंडळं होती. टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहराच्या मंडळाचा अध्यक्ष लॉइड बिनफर्ड तर या बाबतीत कुप्रसिद्ध होता. कृष्णवर्णीय माणूस पडद्यावर नोकर नसेल, गोऱ्यांच्या बरोबरीने वावरत असेल, तर बिनफर्डची कात्री चालायचीच. 'झिगफेल्ड फॉलीज'मधलं लीनाचं गाणं त्याने असंच उडवलं.

हे कापणं प्रत्यक्षात कसं व्हायचं ते पाहा. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चित्रं या वेगाने धावते, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. तीन मिनिटांचं गाणं म्हणजे दोनशे सत्तर फुटांची पट्टी. गाणं जिथे सुरू होतं तिथे एक काप, जिथे संपतं तिथे दुसरा, मधली पट्टी बाजूला आणि दोन टोकं चिकटद्रव्याने जोडून दिली की काम झालं. मात्र हे जमण्यासाठी एक गोष्ट आधीच सांभाळावी लागते. गाण्याच्या आधीच्या प्रसंगातलं एकही वाक्य गाण्यात शिरता कामा नये, गाण्यातलं एकही पात्र पुढच्या प्रसंगात 'काय गायली!' म्हणता कामा नये. तसं झालं तर सांधा दिसतो, प्रेक्षकाला काहीतरी गायब झाल्याचं कळतं. लीनाची गाणी लिहितानाच, चित्रित करतानाच ही काळजी घेतली जाई. कात्री बिनफर्डच्या हातात होती, पण कुठे कापायचं याच्या खुणा कॅलिफोर्नियात, उत्तमोत्तम तंत्रज्ञांच्या हातून आखून दिल्या जात होत्या. मला बिनफर्डपेक्षा या खुणांचा राग जास्त येतो. बिनफर्ड आपला द्वेष उघड मिरवत होता. स्टुडिओने मात्र तो अंदाजपत्रकात धरला, आणि लीनाचा चेहरा उत्तरेकडच्या राज्यांतल्या पोस्टरांवर विकला तो विकलाच.

याच काळात ती कृष्णवर्णीय सैनिकांची लाडकी झाली. छावण्यांत तिचे फोटो भिंतींवर लागले. एका छावणीतल्या कार्यक्रमात तिने पाहिलं, तर पुढच्या रांगांत जर्मन युद्धकैदी बसलेले आणि अमेरिकेसाठी लढणारे कृष्णवर्णीय सैनिक त्यांच्या मागे. ती मंचावरून उतरली, कैद्यांच्या रांगा ओलांडून मागे गेली, कैद्यांकडे पाठ केली आणि आपल्या सैनिकांसमोर उभी राहून गायली. पुढचे दौरे तिने स्वतःच्या खर्चाने केले.

'शो बोट'ची गोष्ट सांगितल्याशिवाय एमजीएमचं प्रकरण पुरं होत नाही. या संगीतिकेतली ज्युली ही मिश्र वंशाची गायिका. ती गोरी म्हणून वावरते, तिचा नवरा गोरा आहे आणि गुपित फुटताच तिला बोटीवरून जावं लागतं. लीनाला ही भूमिका मनापासून हवी होती. १९४६च्या 'टिल द क्लाउड्स रोल बाय'मध्ये 'शो बोट'चा छोटा तुकडा होता, त्यात ज्युलीच्या वेशात ती गायलीही होती. पण १९५१ साली एमजीएमने पूर्ण 'शो बोट' काढला तेव्हा ज्युली झाली एव्हा गार्डनर. चित्रपटसृष्टीच्या आचारसंहितेत गोऱ्या आणि कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांचे संबंध दाखवायला बंदी होती. गोऱ्या नटीला गडद रंग लावला की ती अडचण सुटत असे. मॅक्स फॅक्टरने लीनासाठी बनवलेली 'लाइट इजिप्शियन' नावाची छटाच एव्हाला लावली, असं लीना सांगत असे. एव्हा तिची मैत्रीण होती आणि त्या मैत्रीत यामुळे कडवटपणा आला नाही. एव्हाचं गाणंही पडद्यावर तिच्या आवाजात नाही. ते ॲनेट वॉरनचं आहे. म्हणजे रंग एकीचा, चेहरा दुसरीचा आणि आवाज तिसरीचा. ज्या बाईकडे तिन्ही होतं ती घरी.

घरी परिस्थिती काय होती? डिसेंबर १९४७ मध्ये तिने पॅरिसला जाऊन एमजीएमचा संगीत दिग्दर्शक लेनी हेटनशी लग्न केलं होतं. तो गोरा, ज्यू. कॅलिफोर्नियात तेव्हा असं लग्न बेकायदा होतं. तो कायदा १९४८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तरीही दोघांनी लग्न १९५०पर्यंत लपवून ठेवलं. जे आयुष्य पडद्यावर रंगवायला तिला मनाई होती, ते ती जगत होती. हेटनशी सुरुवातीला आपण धंद्यातली दारं उघडावीत म्हणून लग्न केलं, प्रेम मागाहून जडलं, असं तिने पुढे मोकळेपणाने कबूल केलं. मला तिच्या चरित्रातला हा खरेपणा फार महत्त्वाचा वाटतो. अन्याय झालेल्या माणसाने निष्कलंकही असावं, असा आपला एक छुपा आग्रह असतो. तिने तो मानला नाही.

१९५० सालीच 'रेड चॅनल्स' ही पुस्तिका निघाली. कम्युनिस्टांचे हस्तक म्हणून त्यात १५१ जणांची नावं होती आणि रोबसनशी मैत्री असलेल्या लीनाचंही होतं. रेडिओ, टेलिव्हिजन, चित्रपट, सगळीकडचं काम आटलं. १९५३ साली तिने रॉय ब्रूअर या वजनदार कामगार पुढाऱ्याला लांबलचक पत्र लिहून आपण कम्युनिस्ट नसल्याचं कळवलं. हे पत्र तिच्या चाहत्यांना आवडत नाही. पण तेव्हा सुटायचा तोच रस्ता होता आणि तिच्यावर माणसं अवलंबून होती.

मधल्या काळात तिला जगवलं ते नाइटक्लबांनी. तिथे तिने गाण्याची एक थंड, धारदार शैली घडवली. डोळे प्रेक्षकांवर रोखलेले, हसू पूर्ण, आणि तरी मध्ये काचेची भिंत. गाणं ऐका, बाई तुम्हाला मिळणार नाही, असा तो पवित्रा होता. १९५७ची वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलातल्या मैफलीची ध्वनिमुद्रिका ऐकली की शब्दांची टोकं ती कशी चावून तोडते ते कळतं. त्याच वर्षी 'जमैका' या ब्रॉडवे संगीतिकेत ती नायिका झाली. ती भिंत पहिल्यांदा फुटली १९६० साली, बेव्हर्ली हिल्समधल्या एका रेस्टॉरंटात. शेजारच्या टेबलावरच्या दारुड्याने तिच्या रंगावरून शिवी हासडली. लीनाने टेबलावरचा दिवा, ग्लास, ॲशट्रे, जे हाताला लागलं ते त्याच्यावर फेकलं. बातमी छापून आली आणि देशभरातून कृष्णवर्णीयांची पत्रं तिच्याकडे येऊ लागली. १९६३च्या जूनमध्ये ती मिसिसिपीतल्या जॅक्सनला, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे मेडगर एव्हर्स यांच्या सभेत गेली. पाचच दिवसांनी एव्हर्सना त्यांच्या घराच्या दारात गोळी घातली गेली. त्याच लढ्यातल्या ऑगस्टमधल्या वॉशिंग्टनच्या मोर्चातही ती होती.

मग १९७० आणि ७१. वडील गेले, मूत्रपिंडाच्या आजाराने मुलगा टेडी गेला, लेनी गेला. साधारण वर्षभरात तिघे. ती जवळजवळ खोलीबाहेर पडेनाशी झाली.

त्यातून उठून तिने काय केलं, तर १२ मे १९८१ रोजी ब्रॉडवेवर 'द लेडी अँड हर म्युझिक' हा प्रयोग उभा केला. मंचावर ती, तिची गाणी आणि तिच्या तोंडून तिची कहाणी : मायर, खांब, ज्युली, सगळं. 'स्टॉर्मी वेदर' ती एकाच प्रयोगात दोनदा गायची. आधी पूर्वीसारखं, सुबक, घोटीव. शेवटाकडे पुन्हा, आणि या वेळी आवाज फाटला तरी पर्वा न करता, पोटातून. काचेची भिंत कुठे गेली हे प्रेक्षकांना समजायच्या आत ते उभे राहिलेले असत. प्रयोग ३३३ झाले. शेवटचा झाला तो ३० जून १९८२ रोजी, तिच्या पासष्टाव्या वाढदिवशी.

लीना गेली २०१० साली, ब्याण्णव वर्षांची होऊन. ज्यांना तिला पाहायचं आहे त्यांनी 'स्टॉर्मी वेदर'नंतर लगेच १९९४चा 'दॅट्स एंटरटेनमेंट ३' पाहावा. एमजीएमच्या संगीतपटांचं गुणगान करणाऱ्या या चित्रपटात निवेदकांपैकी एक तीच आहे. 'केबिन इन द स्काय'मधून तेव्हा काढून टाकलेला तिचा फेसाळ टबातला प्रसंग त्यात आहे. शिवाय ज्युलीची भूमिका आपल्याला का मिळाली नाही, हेही ती पंचाहत्तरी ओलांडलेल्या खणखणीत आवाजात, थेट कॅमेऱ्याकडे बघत सांगते.

पुढच्या आठवड्यात पॉल रोबसन : अमेरिकी सरकारने ज्याचा पासपोर्ट आठ वर्षं अडकवून ठेवला, तो गायक. लेखमालेचं नाव गायिकांचं असलं तरी त्याच्यासाठी एक भाग राखून ठेवला आहे. लीनाची गोष्ट त्याच्याशिवाय अर्धी राहते.