घटसर्प : औषध लागू पडण्याची वेळ
(लेखमाला ‘कोठ्यातले आजार’, भाग ६)

मागच्या भागातला लंपी हा विषाणूचा आजार होता. तिथे प्रतिजैविक फार तर फुटलेल्या गाठींत शिरणाऱ्या जिवाणूंना आवरते, मूळ रोगाला नाही. घटसर्पाचे तसे नाही. तो पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूमुळे होतो आणि ऑक्सिटेट्रासायक्लिन, सल्फा, एन्रोफ्लॉक्सासिन ही औषधे त्याच्यावर सहसा चालतात. तरीही इंजेक्शन दिलेली म्हैस दगावते आणि दोष औषधाला दिला जातो. माझ्या मते बहुतेक वेळा दोष औषधाचा नसून वेळेचा असतो.

भंडारा जिल्हा धानाचा आणि तलाव-बोड्यांचा. उन्हाळाभर तणसावर काढलेली जनावरे पाऊस लागताच चिखलणीला जुंपली जातात, ओल्या बांधीत दिवसभर राबतात आणि रात्री दमट कोठ्यात बांधली जातात. हा जिवाणू काही धडधाकट जनावरांच्या घशातही मुक्काम करून असतो. अंगातली ताकद खचली की तो वाढतो आणि रक्तात उतरतो. आधी ताप चढतो, १०४ ते १०६ अंश फॅरेनहाइटपर्यंत. मग लाळ गळते, घशाखाली सूज येते, श्वास घरघरतो आणि अनेकदा २४ तासांच्या आत सगळे संपते. म्हशी यात गाईंपेक्षा लवकर बळी पडतात. सूज दिसेपर्यंत रक्तात जिवाणूंचे विष भरलेले असते. प्रतिजैविक जिवाणू मारते, पण सुटलेले विष परत घेत नाही. म्हणून औषधाची खरी वेळ तापाची आहे, सुजेची नव्हे. गावात एक जनावर गेले की उरलेल्यांना रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर लावावा आणि ताप चढलेल्याला त्याच घटकेला उपचार मिळावा. कमी खर्चात जनावर वाचवणारे याहून मोठे काम मला दिसत नाही.

यावर कास्तकार म्हणेल, डॉक्टर येईपर्यंत म्हैस राहत नाही, मग मेडिकलमधून सुई आणून टोचली तर बिघडले काय? घाई योग्यच आहे. घटसर्पात प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट कुणी पाहू नये, पशुवैद्यकही पाहत नाहीत. पण १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरता दवाखाना बोलावणे आणि अंदाजाने सुई टोचणे यांत फरक आहे. मात्रा जनावराच्या वजनावर ठरते. मोठ्या हेल्याला वासराएवढे औषध दिले तर दुबळे जिवाणू मरतात आणि चिवट उरतात. शिवाय एन्रोफ्लॉक्सासिनचा काही भाग जनावराच्या शरीरात सिप्रोफ्लॉक्सासिन होतो, म्हणजे माणसांच्या दवाखान्यातलेच औषध. कोठ्यात चिवट झालेला जिवाणू कोठ्यातच राहील, याची हमी कोण देणार? कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरच्या फळीतले औषध. खाद्यप्राण्यांसाठी त्याचा वापर भारताने २०१९ मध्ये बंद केला, तो याच काळजीपोटी.

दुसरा आक्षेप लसीवर आहे: धडधाकट जनावराला सुई कशाला, आजारी पडले की औषध देऊच. पण वर सांगितलेले तास मोजले तर हा हिशेब टिकत नाही. पुण्याच्या औंधमधील सरकारी संस्थेत घटसर्पाची लस तयार होते. ती पावसाच्या तीन-चार आठवडे आधी टोचली तर रोवणीपर्यंत अंगात प्रतिकारशक्ती तयार होते. लस चुकली की सगळा भार प्रतिजैविकावर पडतो.

आणि औषध दिलेच, तर दुधाचे काय? औषधाच्या वेष्टणावर दूध किती दिवस वापरायचे नाही ते लिहिलेले असते. तसे ठरलेले नसेल तर २०१२ च्या नियमानुसार दुधासाठी किमान ७ आणि मांसासाठी किमान २८ दिवस थांबायचे. रोजच्या दुधावर घर चालवणाऱ्याला ७ दिवस जड जातात, हे खरेच आहे. पण औषधाचा अंश असलेले दूध संकलनात मिसळले की ते इतरांच्या दुधासकट लहान मुलांच्या पेल्यात जाते, आणि अशा दुधाला विरजणही नीट लागत नाही. हा तोटा एकट्या कास्तकाराने सोसावा, असे मी म्हणणार नाही. उपचार चालू असलेल्या जनावराची नोंद दूध संस्थेने घ्यावी आणि त्या दिवसांची काही भरपाई द्यावी, ही मागणी गावसभेत मांडण्याजोगी आहे.