सुट्या सिगारेटचा हिशेब

क्लासबाहेरची टपरी, दोन कटिंग आणि चौघांत मिळून एक सुटी सिगारेट. ‘एकीने काय होतंय?’ हा प्रश्न तिथे रोज विचारला जातो. तो दिसतो तितका पोरकट नाही.

झुरक्यातले निकोटिन फुप्फुसांतून रक्तात आणि काही सेकंदांतच मेंदूत पोहोचते. ॲसिटिलकोलिन या शरीरातल्याच रसायनासाठी असलेल्या ग्राहींना ते चिकटते, त्यातून डोपामिन स्रवते. तीच ती ‘तरतरी’. निकोटिन वारंवार मिळू लागले की ग्राहींची संख्या वाढते, आणि ते न मिळाल्यास चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. मग पुढची सिगारेट मजेसाठी नव्हे, तर ही तगमग शमवण्यासाठी ओढली जाते. मोह आवरणारा मेंदूचा पुढचा भाग मात्र साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. घोडा दौडू लागलेला, लगाम अजून हाती यायचा! म्हणून पंधराव्या वर्षी जडलेली सवय अधिक चिवट.

फुप्फुसांची क्षमता विशीच्या आसपास शिखर गाठते, नंतर उतरण लागते. किशोरवयातले धूम्रपान ही वाढच मंदावते. शिखरच बुटके राहिले, तर उताराही लवकर संपतो.

२०१९च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातले १३ ते १५ वयाचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरणारे आढळले. सिगारेट ओढलेल्यांपैकी ३८ टक्क्यांनी ती दहाव्या वाढदिवसाआधीच ओठांना लावली होती.

२००३च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तो विकणे, दोन्हींना मनाई आहे. महाराष्ट्राने २०२०मध्ये सुटी विक्रीही बंद केली. कारण साधे आहे : अख्खे पाकीट पॉकेटमनीत बसत नाही, एक सिगारेट बसते, आणि सुटी घेणाऱ्याला पाकिटावरचे इशाऱ्याचे चित्र दिसतच नाही.

ब्रिटिश डॉक्टरांवर रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी १९५१पासून पन्नास वर्षे केलेल्या अभ्यासात धूम्रपान न सोडणाऱ्यांचे आयुष्य सरासरी सुमारे दहा वर्षांनी घटलेले दिसले. तिशीत सोडणाऱ्यांनी ती बहुतेक सगळी वाचवली. म्हणजे सतराव्या वर्षी परतीची वाट पुरती मोकळी असते. घरात खिसे तपासण्यापेक्षा ही वाट दाखवणारे कोणी असले, तर ‘एकीने काय होतंय?’चे उत्तर मुलांना टपरीवर शोधावे लागणार नाही.