थडग्यांवरची मराठी अक्षरं

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालं की नेवासे तालुक्यात वडाळा बहिरोबा लागतं. अमेरिकन मराठी मिशन 1831 साली नगरला आलं आणि 1842 साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघालं, हे नगरकरांना सांगायला नको. वडाळ्यात राहून पक्ष्यांचा अभ्यास करणारे रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक यांचं नाव पळणी डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात कायम राहिलं आहे. पण त्यांच्या काळापासून खेड्यापाड्यांत शाळा चालवणारे मास्तर, घरोघर जाणाऱ्या बायबलबाया यांच्यावर कोणी पुस्तक लिहिलं? त्यांतल्या अनेकांची नोंद उरली आहे ती फक्त दगडावर.

या भागातल्या ख्रिस्ती दफनभूम्या लहान, उसाच्या शेतांना लागून असलेल्या. कॅमेरा घेऊन जावं ते सकाळी लवकर किंवा दिवस कलताना. भर दुपारी दगड नुसता सपाट दिसतो. तिरकं ऊन पडलं की झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावली धरते आणि नाव वाचता येतं. बापाचं नाव तुकाराम, मुलाचं याकोब. एका घराण्याने धर्म बदलला आणि भाषा तीच ठेवली, हा इतिहास त्या दोन शब्दांत असतो. खाली गाव, साल, कधी ‘शिक्षक’ एवढाच हुद्दा.

ही अक्षरं कोणी कोरली? परिसरातल्या एका वृद्ध पाथरवटाशी बोलणं झालं. त्यांचा पिढीजात धंदा जाती, पाटे-वरवंटे टाकवण्याचा. कोणाकडे मयत झाली की थडग्याचा दगडही त्यांच्याकडे यायचा. ते सांगत होते, “आधी गेरूनं रेघ मारायची. मग अक्षरं तिला टांगायची. काळ्या दगडात एक घाव चुकला की दगड वाया. आणि मेलेल्या माणसाचं नाव चुकवायचं नसतं.” काना कुठे तुटतो, वेलांटी कुठे ठिसूळ होते, हे ते बोटानं हवेत काढून दाखवत होते. आता ग्रॅनाइटवर मशीन अक्षरं काढतं. त्यांची टाकी घरातच पडून असते.

जुन्या थडग्यांवर कुठे ऑइलपेंटचे थर चढलेत, कुठे वेड्या बाभळीने दगड फोडलाय. प्रेमापोटी केलेली रंगरंगोटीही अक्षरं बुजवते. वाचता येत नाही म्हणून खडू घासू नये, तारेचा ब्रश तर मुळीच लावू नये. बाजूने आरशाने ऊन पाडलं तरी काम होतं.

नाताळला किंवा ईस्टरला गावी जाल तेव्हा पाळकांना विचारून आजी-आजोबांच्या थडग्याचा एक नीट फोटो काढा. मागे नाव, गाव, साल लिहा आणि एक प्रत मंडळीच्या दप्तरात ठेवायला द्या. दगड झिजण्याआधी एवढं व्हायलाच हवं.