गोष्टीमागच्या गोष्टीचे वेड

तेरा-चौदा वर्षांचा मुलगा मोबाईलवर दोन तासांचा व्हिडिओ पाहत बसलेला असतो. विषय गेमचा आहे, पण पडद्यावर ना लढाई, ना धावपळ. कुणीतरी संथ आवाजात सांगत असते की अमुक राजाचे राज्य का बुडाले, त्याच्या थोरल्या मुलाचे नाव दप्तरातून का खोडले गेले, त्याच्या सरदाराची कबर जंगलात कोण राखते. अम्मी विचारते, "अरे, खेळायचे सोडून हे काय ऐकत बसलास?" उत्तर येते, "अम्मी, लोर ऐकतोय."

लोर म्हणजे गोष्टीमागची गोष्ट. समोर जे घडते ते एक. ते घडण्याआधी त्या काल्पनिक जगात जे होऊन गेले, म्हणजे तिथली घराणी, युद्धे, भाषा, जुने करार, विसरलेली माणसे, ते सारे लोर. खेळ जिंकायला त्याची गरज नसते. तरीही मुले खेळापेक्षा त्यातच जास्त रमतात. शाळेत मुघल बादशहांचा क्रम लक्षात न राहणारा मुलगा या नसलेल्या राजांची वंशावळ घडाघडा म्हणतो, तेव्हा आईबापांना राग येतो, आणि तो स्वाभाविक आहे. पण रागावण्याआधी हे वेड कशाचे आहे ते पाहावे. मला तरी त्यात बरेच ओळखीचे सापडले.

जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने 2011 साली 'डार्क सोल्स' नावाचा गेम काढला. लोरच्या बाबतीत मुलांमध्ये त्याचा मोठा दबदबा आहे. गंमत म्हणजे हा गेम कथा म्हणून फारसे काही सांगतच नाही. खेळाडूला एखादी अंगठी सापडते, गंजलेली तलवार सापडते. तिच्यावर बोट ठेवले की चार ओळींचे वर्णन दिसते. एका अंगठीच्या वर्णनात कळते की ग्विन नावाच्या राजाला एक थोरला मुलगा होता, तो युद्धाचा देव होता, त्याच्या हातून काही मूर्खपणा घडला आणि त्याचे नाव इतिहासातून पुसले गेले. त्याने केले काय ते अंगठी सांगत नाही. गेममध्ये दुसऱ्याच एका कोपऱ्यात एक मोडका पुतळा आहे. चौथरा आहे, वर अवशेष तेवढे. मुले या दोन गोष्टी जोडतात. मग वाद सुरू होतात. पाच वर्षांनी, 2016 साली तिसरा भाग आला. त्यात ड्रॅगनवर स्वार झालेला एक निनावी राजा समोर येतो. हाच तो थोरला मुलगा, असे तिथेही कुणी सरळ म्हणत नाही. नुसत्या खुणा ठेवल्या आहेत.

आणखी एक उदाहरण देतो, कारण मला ते फार आवडले. आर्टोरियस नावाचा एक सरदार. त्याने अंधारावर विजय मिळवला अशी त्याची कीर्ती. त्याची कबर एक प्रचंड लांडगा राखतो आणि पुढे जायचे तर त्या लांडग्याशी लढावे लागते. 2012 मध्ये या खेळाला एक पुरवणी जोडली गेली. तिच्यात खेळाडू भूतकाळात जातो आणि त्याला दिसते की त्या सरदाराला अंधाराने केव्हाच गिळले होते. जिंकले दुसऱ्याच कुणीतरी, नाव मात्र त्याचे झाले. त्या भूतकाळात लांडग्याचे पिल्लू संकटात असते. खेळाडूने त्याला आधी वाचवले असेल, तर नंतर कबरीपाशी तो लांडगा त्याला ओळखतो, हुंगतो, आणि तरीही लढायला उभा राहतो. यावर मुलांचे डोळे पाणावतात, असे मी ऐकले तेव्हा हसू आले होते. पाहिल्यावर नाही आले.

या गेमचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी मुलाखतीत सांगितलेली एक गोष्ट इथे उपयोगी पडते. लहानपणी घरची परिस्थिती बेताची, पुस्तके विकत घेणे शक्य नव्हते. ते वाचनालयातून आपल्या वयाला न झेपणारी पुस्तके आणत. बरेचसे कळत नसे. जे कळत नसे तिथे ते स्वतःच्या मनाने भर घालत. मोठेपणी त्यांनी गेम केले तेही असेच, मधली पाने गळालेल्या पुस्तकासारखे.

इंग्रजीत या प्रकाराचा मोठा उस्ताद म्हणजे ऑक्सफर्डचे भाषापंडित टॉल्किन. त्यांनी आधी भाषा रचल्या, मग त्या बोलणारे लोक, मग त्या लोकांचा इतिहास. 1954-55 मध्ये 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' छापले गेले तेव्हा त्यामागे तीन-साडेतीन दशकांची टिपणे होती. त्यातला बराच भाग त्यांच्या मृत्यूनंतर मुलाने संपादित करून 1977 मध्ये प्रसिद्ध केला. मुख्य पुस्तकात एका ठिकाणी कुणीतरी बेरुथिएल राणीच्या मांजरांचा उल्लेख करतो आणि गोष्ट पुढे निघून जाते. ही राणी कोण, तिची मांजरे कसली, काही नाही. वाचक मात्र तिथे थबकतो. टॉल्किन यांना हे पक्के ठाऊक होते. दूरवरचे न पाहिलेले बेट धुक्यातून दिसावे तशी ही मोहिनी असते, आणि तिथे जाऊन पोहोचलो की ती सरते, अशा अर्थाचे त्यांनी एका पत्रात लिहिले आहे.

आता आपल्या घरात येऊ. आपल्या आजोबा-पणजोबांना हे सारे नवीन वाटले नसते, कारण त्यांच्याकडे अमीर हमजाची दास्तान होती.

अकबर बादशहाने 1562 च्या सुमारास या दास्तानीची चित्रे काढून घ्यायला सुरुवात केली. पंधराएक वर्षे काम चालले आणि कापडावरची सुमारे 1400 मोठी चित्रे तयार झाली. आज त्यातली दोनशेसुद्धा उरलेली नाहीत. 1881 मध्ये लंडनच्या संग्रहालयासाठी वस्तू गोळा करणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याला श्रीनगरात त्यातली काही सापडली, तेव्हा ती थंडीवाऱ्यासाठी खिडक्यांना लावलेली होती. त्याच दशकात लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने ही दास्तान उर्दूत छापायला घेतली. होता होता 46 जाडजूड खंड झाले. मिर्झा गालिब यांना दास्तानींचा शौक होता हे तर त्यांच्या पत्रांतूनच दिसते.

या खंडांतला सर्वांत गाजलेला भाग 'तिलिस्म-ए-होशरुबा'. तिलिस्म म्हणजे जादूगारांनी उभारलेले एक आख्खे जग. त्याला स्वतःचे नकाशे, स्वतःचे कायदे. होशरुबाचे तीन प्रदेश : जाहिर, बातिन आणि जुल्मात. जाहिर आणि बातिन यांच्यामध्ये रक्ताची नदी वाहते, तिच्यावर धुराचा पूल. राज्य अफरासियाब या जादूगार बादशहाचे. पण प्रत्येक तिलिस्म कुणाच्या हातून मोडणार हे ते बांधतानाच ठरलेले असते आणि ते कसे मोडायचे हे लिहिलेली एक 'लौह', म्हणजे पाटी, कुठेतरी दडवलेली असते. शिवाय अमर अय्यार आणि त्याची जंबील आहेच. जंबील म्हणजे झोळी. तिच्यात शत्रूचा खजिना मावतो, तंबू मावतात, शहरे मावतात. आजच्या मुलाला हे सांगून पाहा. दोनशे तलवारी खिशात घालून पळणारा त्याचा गेममधला वीर त्याला लगेच आठवेल.

चाळिशी-पन्नाशीतल्या वाचकांनी तिलिस्म आणि अय्यार दूरदर्शनवर पाहिले आहेत. 1994 मध्ये लागलेली 'चंद्रकांता' मालिका देवकीनंदन खत्री यांच्या 1888 च्या हिंदी कादंबरीवरून बेतली होती, आणि खत्रींचे अय्यार आले ते या दास्तानींच्या मुलखातूनच. रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणाऱ्या त्या मालिकेपुढे बसलेली पोरे आज पालक आहेत आणि मुलांना विचारत आहेत, या खोट्या राजांत तुला काय मिळते?

मिळते ते हेच : रिकामी जागा. चांगला रचणारा मुद्दाम जागा रिकामी ठेवतो आणि ती भरण्याचे काम ऐकणाऱ्यावर सोपवतो. ऐकणारा ती भरतो म्हणून ते जग त्याचे होते. सर्व काही सांगून टाकणारी गोष्ट आपण ऐकतो नि विसरतो.

इथवर काळजीचे काही नाही. काळजी पुढे आहे, आणि मुले किती तास वाया घालवतात ही ती नव्हे. रिकाम्या जागा खऱ्या इतिहासातही असतात. त्या कुणी मुद्दाम ठेवलेल्या नसतात. आगीत, लुटीत, विस्मरणात झालेल्या असतात. त्या भरताना मनाला होणारा आनंद मात्र तोच असतो. मनाला फरक कळत नाही.

'अ‍ॅसॅसिन्स क्रीड' हा गेम 2007 साली आला. पहिल्या भागाचा काळ 1191, तिसऱ्या क्रुसेडचा. सीरियातल्या मसयाफ किल्ल्यावर मारेकऱ्यांचा एक गुप्त पंथ राहतो. किल्ला खरा आहे. तिथे निझारी इस्माईली लोक राहत होते हेही खरे. त्यांच्या हसन सब्बाह यांनी 1090 मध्ये इराणातला अलमूत किल्ला घेतला. 1256 मध्ये मंगोलांनी तो पाडला. हुलागूच्या पदरी असलेल्या जुवैनी या इतिहासकाराने तिथल्या ग्रंथालयातून कुराणाच्या प्रती, वेधयंत्रे आणि काही निवडक ग्रंथ बाजूला काढले आणि बाकीचे जाळून टाकले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. अलमूतचे लोक स्वतःविषयी काय लिहीत होते, ते बहुतेक त्या आगीत गेले.

मग जागा रिकामी झाली आणि ती भरली शत्रूंनी आणि प्रवाशांनी. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात एक म्हातारा शेख आहे. तो तरुणांना गुंगीचे औषध देऊन एका बागेत नेतो, हीच जन्नत म्हणून दाखवतो आणि मग खून करायला धाडतो. पोलो त्या वाटेने गेला तेव्हा किल्ला केव्हाच पडला होता. 1938 मध्ये व्लादिमीर बार्तोल या स्लोव्हेन लेखकाने त्यावर 'अलमूत' कादंबरी लिहिली, आणि गेम करणाऱ्यांना कल्पना सुचली ती त्या कादंबरीवरून. फरहाद दफ्तरी या अभ्यासकाने 1994 च्या आपल्या ग्रंथात या दंतकथा एकेक करून तपासल्या आणि त्या कशा रचल्या गेल्या ते दाखवले. तो ग्रंथ किती जणांनी वाचला असेल आणि गेम किती जणांनी खेळला असेल, याचा हिशेब करायला नको.

हे प्रकरण आपल्यापासून दूरचे नाही. 1866 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात खोजा समाजातल्या वादाचा खटला चालला. न्यायमूर्ती जोसेफ आर्नोल्ड यांनी निकालपत्रात हसन सब्बाह आणि अलमूतपासूनचा सारा इतिहास मांडला, कारण समाजाचे मूळ ठरवायचे होते. डोंगरीतल्या दुकानदारांची, शेजाऱ्यांची ही गोष्ट. त्यांचा मुलगा वर्गात बसलेला असताना दुसरा मुलगा त्यांच्या पूर्वजांना भांग पिऊन खून करणारे समजतो, आणि त्याला वाटते की आपल्याला इतिहास येतो. मतभेद कुणाशी कितीही असोत, कुणाच्या वाडवडिलांची अशी गोष्ट करणे बरे नव्हे.

दास्तानीची बाजू घेऊन मी इतके लिहिले, तर तिलाही हाच प्रश्न विचारायला हवा. हजरत हमजा (रजि.) हे रसूलुल्लाह (सल्ल.) यांचे काका. हिजरी सन 3 मध्ये उहुदच्या लढाईत ते शहीद झाले. त्यांना सय्यदुश्शुहदा म्हणतात. दास्तानीतला हमजा नौशेरवानच्या दरबारात वावरतो, मेहरनिगारवर आशिक होतो, कोह-ए-काफमध्ये अठरा वर्षे अडकतो, परीशी लग्न करतो. नावापलीकडे दोघांचा संबंध जवळपास नाहीच. जुने ऐकणारे हे जाणून होते, कारण खरे हमजा त्यांना आधी घरात आणि मशिदीत भेटलेले असत, दास्तानगो नंतर. आज हा क्रम उलटू शकतो. म्हणून मला वाटते, 'हे सगळे खोटे आहे, बंद कर' असे म्हणण्यापेक्षा 'यातले खरे कोणते?' हा प्रश्न घरात बरा. त्याचे उत्तर शोधायला मूल तासन्‌तास बसेल. चिकाटी त्याच्याकडे आधीच आहे.

गेम करणारेही कधी कधी मदत करतात. याच मालिकेतला 2023 चा 'मिराज' नवव्या शतकातल्या बगदादमध्ये घडतो. खलिफा मन्सूर यांनी 762 मध्ये वसवलेल्या त्या गोल शहराचा आज जमिनीवर मागमूस नाही. म्हणजे गेममधल्या भिंती-दरवाजे अंदाजानेच उभे केलेले. पण खेळता खेळता बगदादच्या इतिहासाच्या नोंदी उघडत जातात आणि त्यात संग्रहालयांतल्या खऱ्या वस्तूंची छायाचित्रे आहेत. पोरे त्या वाचतात का? काही वाचतात.

माझ्या भाच्याने मध्यंतरी एक वही केली. पानाच्या मधोमध रेघ, एका बाजूला 'होते', दुसऱ्या बाजूला 'नव्हते'. मसयाफ इकडे, अल्ताईर तिकडे. बगदाद इकडे, बासिम तिकडे. मग मी त्याला अमर अय्यारविषयी सांगितले, आणि तो हसत 'नव्हते'च्या बाजूला नाव लिहू लागला. तेव्हा त्याच्या दादीने थांबवले. दास्तानीत अमरचे पुरते नाव अम्र बिन उमय्या जमरी आहे, आणि त्या नावाचे एक सहाबी खरोखर होऊन गेले, रसूलुल्लाह (सल्ल.) यांनी त्यांना नजाशी बादशहाकडे पत्र देऊन हबशाला पाठवले होते. भाचा बराच वेळ पेन हातात धरून बसला. शेवटी त्याने तेच नाव रेघेच्या दोन्ही बाजूंना लिहिले, आणि डाव्या नावापुढे (रजि.) लिहून उजव्या नावापुढे झोळीचे चित्र काढले.