रडारला पक्ष्याचे नाव कळत नाही

पवनचक्क्यांजवळचे रडार उडत्या पक्ष्याची जात ओळखते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात रडार (रेडिओलहरी सोडून त्यांचे परावर्तन टिपणारे यंत्र) सांगते ती थव्यांची दाटी, उंची, वेग आणि दिशा. अंधारात जिन्यावरची पावले ऐकावीत तसेच हे: कोणी वर चालले आहे ते कळते, चेहरा दिसत नाही. पंखांच्या फडफडीच्या लयीवरून पक्ष्यांचा गट ताडता येतो, जात क्वचितच. वटवाघळांसाठी तर त्यांचे श्राव्यातीत (माणसाला ऐकू न येणारे) आवाज टिपणारे मायक्रोफोन जोडीला लागतात. पण पक्षी धडकू नयेत म्हणून पवनचक्कीची पाती थांबवायला नाव कशाला हवे? नेदरलँड्समध्ये रडार-नोंदींवर आधारलेल्या स्थलांतराच्या अंदाजावरून १३ मे २०२३ रोजी बोर्सेलेच्या समुद्रातील पवनचक्क्या रात्री चार तास जवळजवळ थांबवल्या गेल्या.