विश्लेषण : पोलीसच नव्हते, मग चोरीचा माल परत कसा मिळायचा?

घरात चोरी झाली की आज आपण पोलीस ठाणे गाठतो. तपास, अटक आणि खटला ही पुढची कामे सरकारची. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मात्र यातले बहुतेक काम ज्याचा माल गेला त्यालाच करावे लागे, तेही पदरमोड करून.

तक्रार कुणाकडे?

गावागावांत पगारी पोलीस नव्हते. प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, कॉन्स्टेबल असे. तो साधारण वर्षभरासाठी नेमलेला स्थानिक रहिवासी. तक्रार घेऊन जायचे ते ‘जस्टिस ऑफ द पीस’ म्हणजे स्थानिक दंडाधिकाऱ्याकडे. ग्रामीण भागात हे काम बहुधा एखादा जमीनदार विनावेतन करी. माल कुठे असावा, संशय का आहे, हे शपथेवर सांगितले की झडतीचे वॉरंट निघे.

शोध कसा घेत?

पत्रके वाटून, वृत्तपत्रात बक्षिसाची जाहिरात देऊन, सावकार आणि जुन्या कपड्यांच्या दुकानदारांकडे चौकशी करून. याच धडपडीचा फायदा लंडनच्या जोनाथन वाइल्डने उठवला. चोरांशी संधान बांधून तो बक्षिसाच्या बदल्यात माल मालकाला परत मिळवून देई. चोराला कायद्याच्या हवाली न करता असे बक्षीस घेणे १७१८च्या कायद्याने गंभीर गुन्हा ठरवले. याच कायद्याखाली वाइल्डला १७२५मध्ये फाशी झाली.

चोर सापडला, पुढे काय?

खटला चालवण्याची जबाबदारीही मालकाचीच. दंडाधिकारी त्याच्याकडून तसे बंधपत्र लिहून घेई. मग तीन महिन्यांनी भरणारे न्यायालय किंवा फिरत्या न्यायाधीशांचे सत्र गाठायचे. प्रवास, साक्षीदार, रोजगार बुडणे, सगळा भुर्दंड त्याच्यावर. मात्र चोर दोषी ठरला तर माल मूळ मालकाला परत मिळे. हा नियम १५२९च्या कायद्यापासूनचा.

लोक खटला का टाळत?

खर्च हे एक कारण, शिक्षेची धास्ती हे दुसरे. घरातून ४० शिलिंगांचा माल चोरल्यास फाशी होऊ शके. म्हणून ज्युरी अनेकदा मालाची किंमत मुद्दाम ३९ शिलिंग ठरवत. अनेक जण माल परत घेऊन गुपचूप तडजोड करत. खटला न करण्याच्या अटीवर माल घेणे हाही गुन्हाच होता, पण गरिबाला तोच रस्ता परवडे.

बदल कधी झाला?

१७४९च्या सुमारास दंडाधिकारी आणि कादंबरीकार हेन्री फील्डिंग यांनी लंडनच्या बो स्ट्रीटवर चोर पकडणारे मोजके लोक हाताशी घेतले. १७५२च्या कायद्याने, आरोपी दोषी ठरल्यास गरीब फिर्यादीला खर्च मिळण्याची सोय केली. व्यापारी-शेतकऱ्यांनी वर्गणी काढून खटल्यांसाठी संघटना उभारल्या. लंडनचे पोलीस दल आले ते १८२९मध्ये. तोवर कायदा सर्वांसाठी एकच असला, तरी त्याचा उपयोग कुणाला होणार हे खिशावर ठरत होते.