बोटांची सवय आणि संगणकाच्या आज्ञा

नर्मदेच्या सान्निध्यात वसलेल्या जबलपूर शहराला विनोबा भावे यांनी ‘संस्कारधानी’ म्हणून गौरविले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर येथील उच्च न्यायालयाचे रूपांतर मध्य प्रदेश उच्च न्यायालयात होऊन त्याचे मुख्य पीठ जबलपूरला आले. न्यायालय म्हटले की कागद आला आणि कागद म्हटला की टंकलेखन आले. उच्च न्यायालयाचे कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालते, तर जिल्हा न्यायालयाचे हिंदीत. त्यामुळे याचिका, शपथपत्रे आणि अर्ज तयार करणाऱ्या येथील टंकलेखकाला रोमन आणि देवनागरी या दोन्ही लिप्या हाताळाव्या लागतात.

अशा टंकलेखकाचे खरे भांडवल म्हणजे त्याची बोटे. कळफलकाकडे न पाहता योग्य कळ दाबण्याचे कौशल्य अनेक महिन्यांच्या सरावाने अंगवळणी पडते आणि त्यावर त्याचे घर चालते. परंतु यंत्रे बदलत राहतात. यंत्र बदलले की हे भांडवल वाया जाते का? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी कळ आणि तिचे काम यांचा संबंध समजून घेतला पाहिजे.

कळ आणि तिचा अर्थ

जुन्या टंकलेखन यंत्रात प्रत्येक कळ एका लोखंडी दांडीला जोडलेली असे. कळ दाबली की दांडीवरील अक्षर कागदावर उमटे. त्या कळीचा अर्थ कायमचा ठरलेला होता. संगणकाची गोष्ट वेगळी आहे. येथे कळ दाबल्यावर संगणकाकडे केवळ एक संकेत जातो. त्या संकेताचे काय करायचे, हे त्या वेळी सुरू असलेला कार्यक्रम ठरवतो. म्हणून एकच कळ एका कार्यक्रमात एक काम करते, तर दुसऱ्या कार्यक्रमात अगदी वेगळे. जुन्या जाणकाराची अडचण येथून सुरू होते आणि तिच्यावरील उपायही येथेच सापडतो.

वर्डस्टारच्या आज्ञा

१९७८ मध्ये अमेरिकेतील मायक्रोप्रो या कंपनीने वर्डस्टार हा शब्दप्रक्रिया कार्यक्रम बाजारात आणला. पुढे भारतातील अनेक संगणक वर्गांत तो शिकवला जाई. त्या काळातील पुष्कळ कळफलकांवर बाणांच्या कळा नव्हत्या आणि माऊसही प्रचारात नव्हता. म्हणून सर्व आज्ञा अक्षरांच्या कळांवरच बसवण्यात आल्या. कंट्रोल कळ दाबून धरायची आणि ई दाबल्यास वर, एक्स दाबल्यास खाली, एस दाबल्यास डावीकडे व डी दाबल्यास उजवीकडे जायचे. कळफलकावर या चार कळा चौकटच्या आकारात येतात. डाव्या हाताची बोटे जागची न हलवता टंकलेखकाला सगळ्या मजकुरात फिरता येत असे. कंट्रोल व टी यांनी पुढचा शब्द पुसला जाई, कंट्रोल व वाय यांनी संपूर्ण ओळ. मजकूर जतन करण्यासाठी आधी कंट्रोल व के आणि मग एस दाबावे लागे.

या पद्धतीची गोडी अद्याप संपलेली नाही. अमेरिकन कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी आपण वर्डस्टारवरच लेखन करतो, असे २०१४ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका मुलाखतीत सांगितले होते.

आजच्या आज्ञा आणि होणारा गोंधळ

आजच्या कार्यक्रमांतील आज्ञा वेगळ्या परंपरेतून आल्या. ॲपल कंपनीच्या १९८३ मधील लिसा या संगणकात झेड, एक्स, सी आणि व्ही या शेजारशेजारच्या कळांना अनुक्रमे चूक मागे घेणे, कापणे, नक्कल करणे आणि चिकटवणे ही कामे दिली गेली. पुढे हीच पद्धत जवळजवळ सर्वत्र रूढ झाली.

वर्डस्टारची सवय असलेली व्यक्ती मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये काम करू लागली, तर काय होते? वरच्या ओळीवर जाण्यासाठी ती कंट्रोल व ई दाबते, तेव्हा परिच्छेद पानाच्या मध्यभागी सरकतो. उजवीकडे जाण्यासाठी कंट्रोल व डी दाबल्यास अक्षरांच्या नमुन्यांची चौकट उघडते. मजकूर निवडलेला असताना कंट्रोल व एक्स दाबले, तर तो मजकूर पानावरून नाहीसा होतो. अशा वेळी घाबरून आणखी कळा दाबू नयेत. कंट्रोल व झेड दाबताच चूक मागे घेतली जाते. नव्या शिकणाऱ्याने सर्वप्रथम हीच आज्ञा पाठ करावी.

जुन्या सवयीला नवी जागा

वर्डमध्ये आज्ञांच्या कळा बदलता येतात. फाईल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन या क्रमाने गेल्यावर खालच्या बाजूस कीबोर्ड शॉर्टकट्स ठरवण्याची सोय दिसते. तेथे हवी ती आज्ञा निवडून नवी कळ दाबायची. ती कळ आधीच दुसऱ्या कामाला दिलेली असल्यास तशी सूचनाही तेथे मिळते. लिब्रेऑफिस या विनामूल्य कार्यक्रमातही टूल्स आणि कस्टमाइझ या मार्गाने अशी सोय आहे.

मात्र सगळ्याच जुन्या आज्ञा परत आणणे शहाणपणाचे नाही. कंट्रोल व एस यांना डावीकडे जाण्याचे काम दिले, तर मजकूर जतन करण्याची सर्वपरिचित आज्ञा हातची जाते. याउलट कंट्रोल व टी यांचे वर्डमधील मूळ काम अनेकांना क्वचितच लागते. तेथे शब्द पुसण्याची जुनी आज्ञा बसवल्यास फारसे नुकसान होत नाही.

देवनागरीचा प्रश्न

देवनागरी टंकलेखनात हाच प्रश्न अधिक गंभीर होतो. रेमिंग्टन पद्धतीच्या हिंदी यंत्रावर शिकलेल्या बोटांना संगणकावर कृतिदेव हा टंक सोयीचा वाटला, कारण त्याची मांडणी तशीच होती. परंतु कृतिदेवमध्ये ‘काम’ हा शब्द लिहिताना संगणक प्रत्यक्षात डी, के आणि ई ही रोमन अक्षरेच साठवतो. त्यांना देवनागरी रूप देतो तो केवळ टंक. असे शपथपत्र दुसऱ्या संगणकावर पाठवले आणि तेथे तो टंक नसला, तर वाचणाऱ्याला निरर्थक रोमन अक्षरे दिसतात.

युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. जगातील कोणत्याही संगणकावर तो क्रमांक ‘क’ म्हणूनच ओळखला जातो. म्हणून बोटे कोठे पडतात आणि संगणकात काय साठते, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. रेमिंग्टन गेल ही मांडणी निवडल्यास बोटे जुन्याच जागी पडतात, पण साठवण मात्र युनिकोडमध्ये होते. जुन्या यंत्राप्रमाणे ऱ्हस्व वेलांटी आधी दाबली, तरी कार्यक्रम तिला योग्य क्रमाने व्यंजनानंतर ठेवतो.

नव्याने शिकणाऱ्यासाठी इनस्क्रिप्ट ही मांडणी अधिक सोयीची आहे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये तिला मान्यता दिली. तीत स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला येतात. शिवाय ‘क’ची कळ मराठी, हिंदी, बंगाली अशा विविध भाषांत एकाच जागी राहते. मध्य प्रदेश शासनाच्या सीपीसीटी या संगणक प्रावीण्य परीक्षेतही हिंदी टंकलेखनासाठी रेमिंग्टन गेल आणि इनस्क्रिप्ट या दोन्ही मांडण्यांचा पर्याय ठेवण्यात आला.

भांडवल जपावे, वाढवावेही

आपल्या संगणकावर बदललेल्या कळा त्याच संगणकावर राहतात. परीक्षा केंद्रावर, दुसऱ्या कार्यालयात किंवा नव्या नोकरीच्या ठिकाणी त्या मिळत नाहीत. म्हणून जुन्या सवयीचा उपयोग जरूर करावा, परंतु जतन करणे, नक्कल करणे, चिकटवणे आणि चूक मागे घेणे या प्रचलित आज्ञाही हाताला लावून घ्याव्यात. त्यासाठी रोज एकाच नव्या आज्ञेचा सराव केला तरी पुरे.

यंत्र बदलले तरी बोटांची शिकण्याची शक्ती बदलत नाही. ज्या हातांनी एकदा कळफलक न पाहता लिहिणे साध्य केले, ते हात नवी मांडणीही शिकू शकतात. जबलपूरच्या न्यायालयाजवळ बसणारा टंकलेखक असो वा घरी बसून पहिला अर्ज टंकित करणारी गृहिणी, प्रत्येक कळ कोणते काम करते हे समजून काम करणाऱ्याला यंत्राचे भय वाटत नाही.